खोकला आला म्हणून पायरीवर बसवू नका: सिस्टिक फायब्रोसिसची मुलं आणि व्यायाम

माझ्या लेकीला सीएफ आहे, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस. चौथीत होती तेव्हाची गोष्ट. पीटीच्या तासाला खो-खो चालू होता, दोन-तीन वेळा धावून झाल्यावर ती जोरात खोकायला लागली आणि सरांनी घाबरून तिला पायरीवर बसवलं. पुढच्या तासाला पण बसवलं. मग तो नियमच झाला. जवळजवळ वर्षभर ती पायरीवर बसून बाकीच्या मुलींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती आणि हे मला गॅदरिंगच्या वेळी तिच्या मैत्रिणीकडून कळलं. सरांना मी काय बोलणार, घरात मी तरी वेगळं काय करत होते? जिन्यावर पळाली की "हळू हळू", अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लागली की "पुरे आता, दमशील". आजी तर तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायची नाही.

त्यानंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला समोर बसवून विचारलं, ती धावल्यावर खोकते तेव्हा बेडका पडतो का? मी म्हटलं हो, भरपूर पडतो. त्या म्हणाल्या, मग तो खोकला तिचं काम करतोय, तुम्ही तो थांबवताय. त्या एका वाक्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलं, मिळेल ते वाचलं, आणि जे समजलं ते इथे सोप्या भाषेत लिहितेय. आपल्याकडे या आजाराबद्दल मराठीत फार कमी लिहिलेलं सापडतं आणि व्यायामाबद्दल तर जवळजवळ काहीच नाही.

आधी आजार काय ते थोडक्यात. आपल्या पेशींच्या बाहेरच्या पडद्यावर सीएफटीआर नावाचं एक प्रोटीन असतं, क्लोराइड आत-बाहेर सोडायचं दार समजा. या दाराचा नकाशा ज्या जीनमध्ये असतो तो ७ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, १९८९ मध्ये तो सापडला. आई आणि बाबा दोघांकडून बिघडलेली कॉपी आली तर मुलाला सीएफ होतो, एकाकडूनच आली तर होत नाही, म्हणून आम्हा दोघांना काही त्रास नाही आणि लेकीला आहे. दार नीट उघडलं नाही की मिठामागून येणारं पाणीही येत नाही, त्यामुळे श्वासनळ्यांच्या आतला पातळ, निसरडा थर सुकून चिकट, गोंदासारखा होतो. तो साफ होत नाही, त्यात जंतू घर करतात, परत परत इन्फेक्शन, आणि हळूहळू फुप्फुसं खराब. स्वादुपिंडाच्या नळ्याही अशाच तुंबतात म्हणून खाल्लेलं तूप-तेल पचत नाही, वजन वाढत नाही. आणि घामातलं मीठ परत आत घेता येत नाही म्हणून घाम भयंकर खारट. बाळाचा पापा घेतला की खारट लागतं असं आम्ही कौतुकाने सांगायचो, ते लक्षण होतं हे नंतर कळलं. घामाची तपासणी करतात तेव्हा क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याच्या वर आलं की सीएफ धरतात.

भारतात हा आजार नाहीच असं कित्येक वर्षं समजत होते. दम्याची, टीबीची औषधं खाऊन खाऊन पोरं मोठी होतात किंवा होतही नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या लोकांनी यावर खूप काम केलंय म्हणून निदान आता बऱ्याच डॉक्टरांच्या डोक्यात हे नाव येतं.

आता व्यायाम. सीएफच्या मुलाला धाप लवकर का लागते? आपल्याला वाटतं फुप्फुसं खराब म्हणून. ते खरं आहे पण अर्धंच. धाप लागते म्हणून मूल बसतं, बसलं की पायाचे-मांड्यांचे स्नायू बारीक होतात, आधीच अन्न अंगी लागत नसतं, मग त्याच जिन्याला त्या अशक्त स्नायूंना जास्त कष्ट पडतात, धाप अजून लवकर लागते, मग मूल अजून बसतं. म्हणजे बऱ्याच मुलांच्या धापेत आजाराचा वाटा किती आणि बसून राहण्याचा वाटा किती हे वेगळं काढावं लागतं, आणि बसून राहण्याचा जो वाटा आहे तो आपण कमी करू शकतो. फुप्फुसातला जुना डाग व्यायामाने जात नाही, पण मांडीला बळ येतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि त्याच फुप्फुसांवर पोर जास्त पळतं. आपल्याकडे याला छान शब्द आहे, दमसास. दमसास वाढवता येतो.

दुसरं काम कफाचं. धावताना श्वास खोल आणि जोरात होतो, हवा वेगाने आत-बाहेर जाते, अंगाला हादरे बसतात, त्याने भिंतीला चिकटलेला कफ सुटतो. आणि नुसतं हलवणंच नाही. जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या डॉक्टरांनी व्यायाम चालू असताना सीएफ पेशंटच्या नाकाच्या अस्तरावर मोजमाप केलं, तर सोडियम ओढून घेणारी दारं त्या वेळेपुरती मंदावलेली दिसली. सोडियम कमी ओढलं जातं म्हणजे त्यामागे जाणारं पाणीही तिथेच राहतं आणि कफ थोडा ओला राहतो. म्हणून धावल्यावर मूल खोकतं आणि बेडका सैल पडतो. हेच ते, जे बघून सर घाबरले आणि मी पण घाबरायचे.

याचा आयुष्याशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर मी १९९२ चा अमेरिकेतला अभ्यास सांगते. ७ वर्षांच्या पुढच्या १०९ पेशंटना सायकलवर बसवून त्यांचं शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजलं, आणि मग ८ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांची क्षमता चांगली होती, म्हणजे त्या वयाच्या निरोगी माणसाच्या ८२ टक्के किंवा जास्त, त्यांच्यातले ८३ टक्के ८ वर्षांनी हयात होते. मधल्या गटातले ५१ टक्के. सगळ्यात कमी क्षमता असलेल्यांतले फक्त २८ टक्के. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते. पण नीट समजून घ्या, यातून व्यायामाने आयुष्य वाढतं असं सिद्ध होत नाही, कारण जी मुलं आधीच जास्त आजारी तीच कमी पळणार. संशोधकांनी फुप्फुसांची ताकद, जंतू वगैरे बाकीच्या गोष्टी हिशोबात घेतल्या तरी फरक शिल्लक राहिला एवढंच. आणि तो काळ आजच्या औषधांच्या आधीचा आहे, तेव्हा ते आकडे आपल्या मुलाला लावून रडत बसू नका, मी बसले होते म्हणून सांगते.

मग मुद्दाम ट्रेनिंग देऊन काय होतं? टोरंटोमध्ये ७ ते १९ वयाच्या ७२ मुलांचे दोन गट केले. एका गटाला घरीच, आठवड्यातून किमान ३ वेळा, २० मिनिटं, नाडी साधारण १५० पर्यंत जाईल असा आवडेल तो व्यायाम, दुसरा गट नेहमीसारखा. हे ३ वर्षं चाललं, आणि व्यायाम करणाऱ्यांच्या फुप्फुसात मावणारी हवा दुसऱ्या गटापेक्षा हळू कमी झाली. इथे एक गोष्ट पालकांनी मनाशी पक्की करायला पाहिजे. सीएफमध्ये स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजतात त्या तपासणीचा, आकडा वाढला नाही पण हळू उतरला, तर तेही कमावलेलंच आहे. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट हातात घेऊन "वाढला का, वाढला का" करत बसलं तर व्यायाम फुकट गेला असंच वाटेल.

सिडनीतला एक अभ्यास मला सगळ्यात उपयोगी वाटतो. इन्फेक्शन वाढून ॲडमिट झालेली ८ ते १६ वर्षांची ६६ मुलं घेतली, तीन गट केले. एकाला दमसासाचा व्यायाम म्हणजे चालणं-पळणं-सायकल, दुसऱ्याला ताकदीचा म्हणजे वजनाविरुद्ध हातपाय चालवायचे, तिसऱ्याला नेहमीची कफ काढायची फिजिओ. दमसासाच्या गटाची ऑक्सिजन वापरायची क्षमता आणि रोजचं हिंडणं-फिरणं जास्त सुधारलं. ताकदीच्या गटाचं वजन जास्त वाढलं, पायात जोर आला, फुंकर मारायचा आकडाही जास्त सुधारला. वजन वाढलं! आमच्या आजीची सगळ्यात मोठी भीती हीच की व्यायामाने पोरगी अजून वाळेल. ताकदीचा व्यायाम आणि त्यावर पोटभर खाणं असं असेल तर उलट होतं, मांस चढतं. फक्त खाणं वाढवायला लागतं आणि त्या खाण्याबरोबर अन्न पचवायला लागणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल विसरायच्या नाहीत. आम्ही खेळायला जायच्या आधी केळं आणि शेंगदाण्याची चिक्की देतो, चिक्कीबरोबर कॅप्सूल, आल्यावर तूप घालून वरणभात.

आपल्या देशातलाही एक अभ्यास आहे आणि तो सांगताना मला बरं वाटतं, कारण नाहीतर सगळं गोऱ्यांच्या पोरांवरूनच समजून घ्यावं लागतं. एम्स दिल्लीने ५२ सीएफ मुलांवर वर्षभर प्रयोग केला, २०१९ मध्ये छापून आला. अर्ध्या मुलांना आठवड्यातून तीन वेळा ताकदीचे आणि उड्यांचे व्यायाम, हेतू हा की हाडं मजबूत व्हावीत, कारण सीएफमध्ये डी व्हिटॅमिन पचत नाही, हाडं ठिसूळ राहतात. वर्षाअखेर हाडांच्या घनतेत दोन्ही गटांत खास फरक नाही आला. पण व्यायामाची क्षमता सुधारली, रोजच्या जगण्यातलं बरं वाटणं सुधारलं. जे शोधत होते ते मिळालं नाही आणि दुसरं मिळालं, आणि त्यांनी ते तसंच छापलं, म्हणून माझा त्यावर विश्वास बसतो.

याच प्रामाणिकपणाने पुढचंही सांगते. २०२२ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, जगभरातले २४ अभ्यास, ८७५ पेशंट, एकत्र तपासले. निष्कर्ष काय, तर ६ महिन्यांपेक्षा जास्त व्यायाम केला तर दमसास बहुतेक वाढतो, पण स्पायरोमेट्रीच्या आकड्यावर फरक फारसा नाही किंवा नाहीच. त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतला एक मोठा प्रयोग आला, १२ वर्षांच्या पुढचे ११७ पेशंट, आठवड्याला ३ तास जोरकस व्यायाम जास्तीचा. ६ महिन्यांनी फुप्फुसांचा आकडा व्यायाम न वाढवणाऱ्या गटातच चांगला निघाला, सगळेच चक्रावले. व्यायामाच्या गटाचा दमसास मात्र वाढला. म्हणून कोणी जर तुम्हाला सांगितलं की अमुक आसन करा, तमुक प्राणायाम करा आणि सीएफ बरा होईल, औषधं बंद करा, तर तिथून उठून या. व्यायाम जे देतो ते भरपूर आहे, त्याला जे जमत नाही ते त्याच्या गळ्यात घालायची गरज नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांची एक गोळी आली जी ते बिघडलेलं दारच बऱ्यापैकी दुरुस्त करते, तिकडच्या मुलांचं आयुष्य बदललं. आपल्या बहुतेक घरांसाठी तिची किंमत हा विषयच काढण्यासारखा नाही, शिवाय प्रत्येकाच्या जीन-बिघाडावर ती चालतेच असं नाही आणि आपल्याकडे बिघाडांचे प्रकार जरा वेगळे आहेत. म्हणून नेब्युलायझर, फिजिओ, खाणं, व्यायाम ही जी जुनी माणसं आहेत घरातली, त्यांच्यावरच आपला संसार चालतो.

आता खेळ आणि ट्रेनिंग यात फरक काय. रोज अंगणात बागडणं चांगलंच, पण ट्रेनिंग म्हणजे तीन गोष्टी: ठरलेले दिवस, पुरेसा जोर, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडीशी वाढ. जोर ओळखायची साधी खूण, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता येतंय म्हणजे अजून वेग वाढवायला जागा आहे, दोन शब्दही बोलवत नाहीत म्हणजे जास्त झालं. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत सांगते, सीएफच्या मुलांचंही ध्येय तेच, कमी नाही. पण जे मूल वर्षभर पायरीवर बसलंय त्याला पहिल्याच दिवशी ६० मिनिटं पळवायचं नाही. आम्ही ५ मिनिटांपासून चालू केलं, घड्याळ लावून.

लहान मुलांना ट्रेडमिलवर एका लयीत अर्धा तास चालवणं म्हणजे शिक्षा. मुलं तशी हलतच नाहीत, ती भुर्रकन धावतात, थांबतात, परत धावतात. नेदरलँड्समध्ये हेच ध्यानात घेऊन २० सीएफ मुलं घेतली आणि त्यातल्या एका गटाला १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस-तीस सेकंदांच्या छोट्या छोट्या जोरकस धावांचं ट्रेनिंग दिलं. ताकद, दमसास दोन्ही सुधारलं आणि मुलांना स्वतःला बरं वाटलं. पुढचे १२ आठवडे काहीच नाही केलं तर दमसास परत खाली आला. टाकी भरून ठेवता येत नाही, चालू ठेवावं लागतं.

हे वाचलं तेव्हा मला पटकन खो-खो आठवला. बघा ना, पाटीवर बसायचं, खो मिळाला की जीव खाऊन धावायचं, पुढच्याला खो देऊन परत बसायचं. वीस सेकंद धाव, मग विश्रांती, मग परत धाव. ज्या खेळातून माझ्या लेकीला उठवून पायरीवर बसवलं तो खेळ तिच्या आजाराला इतका नेमका बसणारा होता. लंगडीही तशीच, शिवाय एका पायावर उड्या म्हणजे हाडांना हादरे, जे हाडांना हवेच असतात. दोरीवरच्या उड्या, झिम्मा-फुगडी, डोंगर का पाणी, सगळं चालतं. सूर्यनमस्कार मला फार आवडतात कारण त्यात छाती उघडते, पाठ सरळ होते, सीएफच्या मुलांना खोकून खोकून आणि छाती फुगून पुढे वाकायची सवय लागते ना त्याला हे चांगलं. सावकाश १२ घालण्यापेक्षा जरा वेगात ६ घाला, विश्रांती घ्या, परत ६. वयात आलेल्या मुलांना जोर-बैठका, डंबेल्स, रबराचे पट्टे चालतात, आधी कोणीतरी जाणकाराने फॉर्म दाखवावा, वजन हलकं आणि वेळा जास्त. जिममध्ये गेलंच तर मशीन पुसून घ्यायचं आणि श्वास रोखून वजन उचलायचं नाही.

व्यायाम झाल्यावर किंवा मध्येच हफिंग करायचं. तोंड उघडून आरशावर वाफ सोडतो तसं "हाऽऽ" करून जोरात श्वास सोडायचा, दोन-तीनदा, मग एक खोकला, बेडका थुंकायचा, गिळायचा नाही. पळालो म्हणजे कफ काढायची फिजिओ झाली असं स्वतःच ठरवू नका. काही मुलांच्या बाबतीत डॉक्टर तशी सूट देतात, पण ते त्यांनी ठरवायचं. ज्यांना श्वास आवळण्याचा त्रास आहे त्यांना आधी पंप, मग खेळ.

आता घाम आणि मीठ, आणि हे कृपया नीट वाचा, कारण आम्ही जळगावकडचे आहोत आणि इकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४५ ला जातो. घामातल्या मिठाचा शोधच उन्हाळ्यातून लागला. १९४८ ला न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली आणि हॉस्पिटलमध्ये उन्हाने गळून पडलेल्या मुलांमध्ये सीएफची मुलं फार होती, डॉ. पॉल दि सांतान्येसे यांना प्रश्न पडला हीच का, आणि तिथून १९५३ पर्यंत त्यांनी दाखवून दिलं की यांच्या घामात मीठ कित्येक पट जास्त जातं.

पण खरी फसगत तहानेची आहे. आपल्याला तहान का लागते? घामात पाणी जास्त आणि मीठ त्या मानाने कमी जातं, मागे रक्त खारट होतं आणि मेंदू म्हणतो पाणी पी. सीएफच्या मुलाचं पाण्याबरोबर मीठही गेलेलं असतं, रक्त तितकं खारट होतच नाही, मग मेंदूला निरोपच जात नाही. कॅनडात ओडेड बार-ओर यांच्या टीमने गरम खोलीत सायकल चालवायला लावून हे तपासलं, तहान लागेल तेव्हा प्या असं सांगितलं तर सीएफची मुलं निरोगी मुलांपेक्षा कमी प्यायली आणि त्यांच्या अंगातलं पाणी जास्त घटलं. नंतरच्या कामात पेयात मीठ जास्त घातलं तर तीच मुलं पुरेसं प्यायली. म्हणून "तहान लागली की पी" हा सल्ला या मुलांना चालत नाही. घड्याळ लावून प्यायचं, दर १५-२० मिनिटांनी काही घोट, आणि नुसतं पाणी नाही. नुसतं पाणी ढोसलं तर उरलंसुरलं मीठ अजून पातळ होतं.

ओआरएसचं डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं पाकीट लिटरभर पाण्यात घातलं की सोडियम ७५ मिलिमोल येतं, बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला साधारण २०-२५ च्या आसपास, म्हणजे ते यांना पुरत नाही. टेट्रापॅकमधलं गोड सरबतही ओआरएस नाही, पाकिटावर नीट वाचा. लिंबू सरबतात चिमटीभर जास्त मीठ, खारं ताक, पन्हं, वर लोणचं-पापड, आमची लेक तर मिठाचा खडा चोखते. किती मीठ हे तुमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या, विशेषतः लिव्हर किंवा बीपीचा काही प्रश्न असेल तर. खेळायच्या आधी आणि नंतर वजन केलं की किती घाम गेला ते कळतं, अर्धा किलो कमी झालं म्हणजे अर्धा लिटर गेलं. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, विनाकारण चिडचिड, सुस्ती दिसली की सावलीत न्या, मीठ-साखरेचं पाणी द्या, उलट्या किंवा गुंगी असेल तर सरळ हॉस्पिटल. उन्हाळ्यात आम्ही सकाळी साडेसहाला किंवा दिवेलागणीनंतरच खेळतो.

थांबायचं कधी? साध्या खोकल्याला नाही. बेडक्यात रक्त आलं, छातीत एकदम एका बाजूला कळ आली, ओठ निळसर झाले, चक्कर आली, दोन-चार मिनिटं बसूनही धाप उतरत नाही, तेव्हा थांबायचं आणि डॉक्टरांना फोन. ताप असेल किंवा इन्फेक्शन वाढलं असेल तर जोर कमी करा, नुसतं चाला, पण दिवसच्या दिवस अंथरुणात ठेवू नका, डॉक्टर स्वतः म्हणाले नसतील तर. ज्यांची फुप्फुसं जास्त खराब आहेत त्यांचा ऑक्सिजन व्यायामात उतरू शकतो, तेव्हा सुरुवातीला बोटाला ऑक्सिमीटर लावून बघावं, ९० च्या खाली जात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे नको. प्लीहा किंवा लिव्हर वाढलेलं असेल तर कबड्डी-कुस्तीसारखे अंगावर येणारे खेळ नकोत. फुप्फुसाला भोक पडून हवा भरण्याचा प्रकार होऊन गेला असेल तर वजनं उचलायच्या आधी विचारा. खोल पाण्यात सिलिंडर लावून उतरणं यांना वर्ज्यच. सीएफमधला डायबिटीस झाला असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर खेळाआधी साखर तपासा, खिशात गोड ठेवा.

जंतूंचं एक. सीएफच्या दोन मुलांनी एकत्र खेळायचं नसतं, एकाच्या फुप्फुसातले जंतू दुसऱ्याला जातात आणि काही फार चिवट असतात. ही या आजाराची सगळ्यात क्रूर गोष्ट आहे, की ज्याला तुझं दुःख कळेल त्याच्याजवळ तू बसायचं नाहीस. आमची आणि पुण्यातली एक मुलगी व्हिडिओ कॉलवर एकमेकींसमोर दोरीउड्या मारतात, शंभर कोणाच्या आधी होतात बघतात. साचलेलं पाणी, डबकी, पावसाळ्यातला चिखल, ओला सडका पालापाचोळा यापासून लांब. पोहणं चांगलं, क्लोरीन नीट असलेल्या तलावात, विहिरीत-तळ्यात नाही.

मुलींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. टोरंटोच्याच लोकांनी मुलं-मुली वेगळ्या काढून बघितलं तर ज्या मुली सगळ्यात कमी हालचाल करत होत्या त्यांची फुप्फुसं जास्त वेगाने उतरली. आणि आपल्याकडे काय होतं, सातवी-आठवीत मुलगी मोठी झाली की मैदान सुटतं. निरोगी मुलीचं सुटलं तरी नुकसानच आहे, सीएफच्या मुलीचं सुटणं म्हणजे तिच्या औषधातली एक बाटली कायमची बंद केल्यासारखं. त्यात ओढणी सांभाळत, बाकीच्यांसमोर बेडका कसा थुंकायचा ही लाज. आम्ही तिला झाकणाची छोटी डबी आणि टिश्यू दिलेत, ती बाजूला जाऊन थुंकते, परत येते, आता मैत्रिणी तिची पाळी राखून ठेवतात. कॅनडाची लिसा बेंटली सीएफ असून ११ वेळा आयर्नमॅन शर्यत, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ, जिंकली हे मी तिला सांगितलंय. सगळ्यांनी आयर्नमॅन व्हायचं म्हणून नाही, पण तिच्यासारखाच खारट घाम असलेली एक बाई इतकं पोहली-पळाली हे तिला माहीत असावं म्हणून.

प्रगती कशी बघायची? मोठ्या हॉस्पिटलात सायकलवर मास्क लावून टेस्ट करतात, साधारण १० वर्षांनंतर वर्षातून एकदा व्हावी असं तज्ज्ञ सांगतात. आपल्याला नाही मिळाली तर ६ मिनिटांत किती मीटर चालते ते मोजतात. घरी मी खुर्ची ठेवते, हात छातीवर, एका मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजते. महिन्यातून एकदा, त्याच खुर्चीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. सुरुवातीला १९ होत्या, मागच्या महिन्यात ३४.

आणि शाळेला चिठ्ठी. दर जूनमध्ये नवीन वर्गशिक्षकांना आणि पीटीच्या सरांना मी डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी देते, मराठीत, एक पानी. हिला सिस्टिक फायब्रोसिस आहे, हा आजार खेळताना दुसऱ्यांना लागत नाही. हिची बाटली वेगळी आहे, त्यात मिठाचं पाणी आहे, दर १५ मिनिटांनी प्यायला सांगा, ती विसरते. दुपारच्या उन्हात नको. रक्त, छातीत कळ, निळे ओठ, चक्कर यातलं काही दिसलं तर खालच्या नंबरवर लगेच फोन करा. नुसता खोकला आला तर तिला बाजूला जाऊन थुंकून येऊ द्या, दोन मिनिटं थांबू द्या, आणि परत खेळायला घ्या.